ओटा आणि लकवा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एकाच आठवड्यात माझ्या ओळखीच्या दोन माणसांच्या अंगावरून वारे गेले. दोघेही सत्तरीचे, दोघांनाही जुना रक्तदाब, दोघांच्याही गोळ्या अधूनमधून चुकणाऱ्या.

पहिले गृहस्थ आमच्या अर्धापुरातलेच, जुन्या गल्लीत राहणारे. सकाळी साडेसातला नेहमीप्रमाणे घरासमोरच्या ओट्यावर चहाचा कप घेऊन बसले. समोरच्या घरातली सून सडा टाकीत होती. तिने हसत विचारले, ‘‘मामा, आज चहा सदऱ्यावर सांडायलेत की.’’ मामांनी उत्तर द्यायला तोंड उघडले, पण शब्द धड फुटेना. तिने बादली तिथेच ठेवली आणि हाळी दिली. पाच मिनिटांत चार माणसे जमली. एक जण मला बोलवायला आला, दुसऱ्याने गाडी काढली. पाऊण तासात नांदेड. तिथे सीटी स्कॅन झाला, मेंदूत रक्तस्राव नाही हे पाहून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले गेले. सगळे मिळून अडीच तासांच्या आत. आज मामा काठी टेकत स्वतः दवाखान्यात येतात आणि पूर्वीइतकाच वाद घालतात.

दुसऱ्या आमच्या दूरच्या नात्यातल्या ताई. निवृत्त शिक्षिका. नांदेडला तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे. मुलगा पुण्याला असतो. त्या सकाळी त्या न्हाणीघरात पडल्या. समोरच्या फ्लॅटमध्ये माणसे होती, वर होती, खालीही होती. मधली दारे बंद होती, इतकेच. दुपारी मुलाने फोन केला, तो उचलला गेला नाही. आई झोपली असेल, असे त्याला वाटले. रात्री आठला दार तोडले तेव्हा बारा तास होऊन गेले होते. आता त्यांची उजवी बाजू पूर्ण गेली आहे. ज्या बाईंनी तीस वर्षे मुलांना कविता शिकवल्या, त्यांना पाणी मागता येत नाही. त्यांचे शेजारी काही वाईट लोक नाहीत. त्यातला एक जण रडत मला म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, ताई एकट्याच राहतात हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.’’

लकव्याचे बहुतेक झटके मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद झाल्यामुळे येतात. ही गुठळी विरघळवणारे औषध आज उपलब्ध आहे, पण ते पहिली लक्षणे दिसल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि जितके लवकर द्यावे तितका उपयोग जास्त. तोंड वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोबडे बोलणे, यांपैकी एक जरी दिसले तरी घड्याळ पाहा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. कबुतराचे रक्त चोळण्यात आणि तोंडात पाणी ओतण्यात वेळ घालवू नका. एवढे मी या सदरात पूर्वीही लिहिले आहे. पण घड्याळ पाहायला आधी कोणीतरी ते तोंड पाहिले पाहिजे ना! मामांचे पाहिले गेले, ताईंचे नाही. मामांच्या आणि ताईंच्या आजारात फरक नव्हता. फरक घरांच्या बांधणीत होता. म्हणून आजचा विषय औषधांचा नाही, घरांचा आहे. इंजिनियर मंडळींनी मला क्षमा करावी.

हे सारे आत्ताच सुचण्याचे कारणही सांगतो. आमच्या गल्लीत तीन जुनी घरे शेजारी शेजारी आहेत. एक आमचा वाडा, एक माझ्या चुलत भावाचा आणि तिसरे चाचांचे पत्र्याचे घर. तिन्ही पाडून एकच इमारत उभी करायची असे घाटते आहे. खाली पार्किंग, वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर चार फ्लॅट, एकूण बारा कुटुंबे. बांधणारा मुलगा गावातलाच, सिव्हिलचा डिप्लोमा झालेला. मला काका म्हणतो. त्याने नकाशा आणून टेबलावर पसरला तेव्हा आम्ही तिघांनीही एकच प्रश्न विचारला, ‘‘कार्पेट एरिया किती?’’ मीही तोच विचारला. ताईंकडे जाऊन आल्यावर तो नकाशा पुन्हा काढला. बारा बंद दारे, मध्ये अंधारा जिना, खाली मोटारींची ओळ. चाचा आणि मी चाळीस वर्षे रोज संध्याकाळी ज्या ओट्यावर बसतो, त्या जागी ‘दुचाकी वाहने’ असे लिहिले होते.

नकाशावर छान दिसणारे गाव प्रत्यक्षात कसे लागते, हे मी एकदा जवळून पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यात कोण विसरेल? आदल्या रात्री गणपती विसर्जन झाले होते. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावे कोसळली. सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास मृतांचा, इतर अंदाज दहा हजारांच्या जवळ जातात. मी त्या वर्षी इंटर्नशिप करीत होतो. आमच्या तुकडीला औसा तालुक्यात पाठवले होते. दगड-मातीच्या दोन दोन, तीन तीन फूट जाडीच्या भिंती आणि वर माळवदाचा मातीचा बोजा. तो बोजा झोपलेल्या माणसांवर आला. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्हीकडच्या भिंती पडल्यावर रस्ताच उरला नाही. जखमीपर्यंत पोहोचायला आम्ही ढिगाऱ्यावरून चालत होतो. त्यानंतर कित्येक महिने तिथला माणूस दगडी भिंतीला पाठ टेकवायलाही घाबरत असे.

तेव्हा पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून जे पुनर्वसन झाले, त्यात लोकांनी रुंद रस्ते आणि सुटी सुटी घरे मागितली यात नवल नाही. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली ५२ गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली गेली. सरकार होते, देशभरातल्या संस्था होत्या. केरळातल्या मलयाळ मनोरमा या दैनिकाने वाचकांच्या देणगीतून लातूर जिल्ह्यात घरे उभारली. कामाचा वेग आणि आवाका पाहिला तर ते मोठेच काम होते, आणि ती घरे भूकंपाला टिकतील अशी बांधली गेली हे आधी मान्य केले पाहिजे.

पण आराखडे बहुतेक शहराच्या कॉलनीसारखे झाले. सरळ रस्ते, काटकोनात चौक, ओळीने घरे. गावाचा पसारा जुन्या गावाच्या कैक पटींनी वाढला. शिवाय घराचा आकार जमिनीवर ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याच्या वर ७५०. हिशेबाला हे सोपे. पण बऱ्याच ठिकाणी एका आकाराची घरे एका भागात आली आणि पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या दारात राहिलेली घरे गावाच्या दोन टोकांना गेली. जुन्या गल्लीत मोठ्या वाड्याला लागून लहान घर असे. अडीअडचणीला उसने-पासने तिथल्या तिथे होई. ते मोडले.

१९९९ च्या सुमारास एका आरोग्य शिबिरासाठी मी अशाच एका नव्या गावात गेलो होतो. गावाचे नाव लिहीत नाही. तपासायला आलेल्या बायकांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा. झोप नाही, छातीत धडधडते, अन्न गोड लागत नाही. तपासावे तर रक्तदाब ठीक, नाडी ठीक. आता ज्यांची पोटची पोरे ढिगाऱ्यात गेली त्यांच्या झोपेचे खापर रस्त्यांच्या रुंदीवर फोडण्याइतका मी वेडा नाही. दुःख होतेच. पण एका म्हाताऱ्या आजींनी जे सांगितले ते माझ्या डोक्यातून गेले नाही. मी विचारले, ‘‘आजी, दिवसभर काय करता?’’ त्या म्हणाल्या, ‘‘काय करू लेकरा, बसते. आधी शेजारणीला बसल्या जागंवरून हाळी दिली की ती यायची. आता तिच्याकडं जायचं तर चप्पल घालावी लागते.’’

चप्पल घालावी लागते! मी नंतर त्यांच्याबरोबर चालून पाहिले. शेजारीण ज्या ओळीत गेली होती तिथपर्यंत उन्हातून सात-आठ मिनिटे. वाटेत झाड नाही, टेकायला दगड नाही. सत्तरीच्या, गुडघे धरलेल्या बाईला हे रोज दोनदा जमणार कसे? मग आठवड्यातून एकदा, मग सणावाराला, मग नाहीच.

गंमत म्हणजे याच गावात मी इलाजही पाहिला, आणि तो कोणत्याही इंजिनियरने काढलेला नव्हता. लोकांनी हळूहळू घरांपुढे पत्र्याचे छप्पर ओढले, उरलेल्या दगडांचा ओटा रचला, लिंब लावले. ज्या चार-पाच घरांनी तोंडे एकमेकांकडे वळवून असे ओटे केले होते, तिथे दुपारी बायका तूर निवडीत बसलेल्या दिसल्या. ज्यांनी आधी कंपाऊंडची भिंत बांधली, तिथे दारात कुत्रे तेवढे होते. नकाशात जे द्यायचे राहिले ते माणसांनी स्वतःच्या पैशांनी करून घेतले.

एखादा वाचक म्हणेल, डॉक्टरांना म्हातारपणी जुन्या गल्लीचा उमाळा आला. तसे नाही. गल्लीचे सगळेच चांगले नव्हते. वाड्यांतल्या अंधाऱ्या, बिनखिडकीच्या खोल्यांत क्षयरोग कसा एकाकडून दुसऱ्याकडे जातो हे मी पाहिले आहे आणि आजही पाहतो. बायकांना पहाटे अंधारात बाहेर जावे लागे, त्यातून मूत्रमार्गाचे आणि पोटाचे किती आजार झाले याची गणती नाही. नव्या सुनेला श्वास घ्यायला जागा नसे. आणि खरे सांगायचे तर गल्लीचा एकोपा गल्लीपुरताच होता. गावकुसाबाहेरच्या वस्तीला त्या ओट्यावर बसता येत नव्हते. तो ओटा तसाच परत आणावा असे मी कोणालाही सांगणार नाही.

मुंबईच्या बीडीडी चाळींचेही तसेच. १९२० च्या दशकात तेव्हाच्या सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला त्या बांधल्या. एकशे साठ चौरस फुटांची खोली, संडास सामाईक. त्या खोलीत दहा दहा माणसे राहिली. आता त्यांचा पुनर्विकास चालू आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. स्वतःचा संडास, उजेड, हवा मिळाली, याचा डॉक्टर म्हणून मला आनंदच आहे. पण चाळीत एक गोष्ट होती, ती म्हणजे खोल्यांसमोरून जाणारी ये-जा. कोणाकडे डॉक्टर आला, कोणाची म्हातारी आज बाहेर आली नाही, हे सगळ्या मजल्याला चालता चालता कळे. सामाईक संडास जावा आणि ही नजर राहावी, असे घर बांधता येते का?

या नजरेचा आणि आयुष्याचा संबंध आहे, हे आता केवळ आजीबाईचे बोलणे राहिलेले नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अलामेडा परगण्यात सुमारे सात हजार प्रौढांकडे नऊ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. बर्कमन आणि साइम या संशोधकांनी १९७९ साली त्याचे निष्कर्ष छापले. ज्यांचे नातेवाईक, मित्र, मंडळे यांच्याशी संबंध सर्वांत कमी होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण संबंध राखून असलेल्यांच्या दुपटीहून जास्त निघाले. सिगारेट, दारू, वजन यांचा हिशेब धरल्यावरही फरक राहिलाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात तर म्हटले आहे की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा छळतो आणि वर्षाला आठ लाखांवर मृत्यूंशी त्याचा संबंध जोडता येतो. एकटा माणूस कमी हिंडतो, वेळेवर जेवत नाही, गोळी विसरतो, रात्री जागतो, आणि पडला तर लवकर सापडत नाही. हे सारे मिळून होते.

मैत्री मनावर असते, भिंतीवर नाही, असे माझे मित्र म्हणतात. त्यांना मी एमआयटीची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या या संस्थेने दुसऱ्या महायुद्धानंतर लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी घरे बांधली. एका मजल्यावर पाच घरे होती. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणाची कोणाशी दोस्ती झाली ते विचारले. शेजारच्याच दारातल्या माणसाशी मैत्रीचे प्रमाण ४१ टक्के निघाले, मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्याशी १० टक्के. लागून असलेल्या दोन दारांमधले अंतर होते फक्त १९ फूट! आणखी एक मौज अशी की, जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्या खालच्या कुटुंबांची वरच्या मजल्यावर जास्त ओळख झाली. वरची माणसे त्यांच्या दारावरून जात म्हणून. ही सगळी शिकलेली, एका वयाची, अनोळखी माणसे होती. १९५० साली हे पुस्तक निघाले. किल्लारीकडच्या आजींना ते वाचायची गरज नव्हती.

आपल्याकडेही हे ओळखून बांधणारे होऊन गेले. नवी मुंबईत बेलापूरला १९८० च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी एक वसाहत आखली. सात घरांना मिळून एक लहानसे अंगण, सुमारे आठ मीटर लांब-रुंद. अशी तीन अंगणे मिळून एक मोठे अंगण, म्हणजे एकवीस घरे. प्रत्येक घर सुटे, कोणाची भिंत कोणाशी जोडलेली नाही, त्यामुळे हवे त्याने पुढे वाढवावे आणि शेजाऱ्याशी कज्जा होऊ नये. मला त्यात सर्वांत आवडते ती सात ही संख्या. सात घरांतली माणसे नावाने ओळखता येतात. सात घरांतले एक दार आज उघडले नाही तर लक्षात येते. सत्तर घरांत येत नाही. आणि चप्पल न घालता जाता येते.

तर आता आमच्या नकाशाकडे वळतो. मी त्या मुलाला दवाखान्यात बोलावले आणि कागदावर एक एक मागणी लिहून दिली.

पहिली मागणी जिन्याची. आमच्या धंद्यातला अनुभव असा की, फ्लॅटमधला पेशंट बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चार जणांनी उचलून खाली आणावा लागतो, कारण स्ट्रेचर जिन्यात वळत नाही आणि लहान लिफ्टमध्ये मावत नाही. मागच्या वर्षी हृदयविकाराच्या एका रुग्णाला असे उतरवताना मी स्वतः खुर्चीचा एक पाय धरला होता. म्हणून जिना चार फूट रुंद, स्ट्रेचर वळेल इतका मोठा कठडा-टप्पा, आणि तिथे खिडकी. खिडकीखाली बसायला कट्टा. भाजीची पिशवी घेऊन चढणारी बाई तिथे दम खाते, तेवढ्यात वरून कोणी उतरते, दोन शब्द होतात. अंधाऱ्या जिन्यात कोणी थांबत नाही.

दुसरी ओट्याची. तो इथे अडला. ‘‘काका, तेवढ्या जागेत दोन मोटारसायकली बसतात.’’ मी म्हटले, ‘‘आणि चाचा कुठे बसतील?’’ तो हसला, पण मी सोडले नाही. ओटा दारातच हवा, येणारा-जाणारा दिसेल असा. मागच्या बाजूला बाग वगैरे करून दिली तर तिथे कोणी बसणार नाही. उंची अठरा इंच. जुने ओटे अडीच फुटांचे असत, त्यावर गुडघेदुखीच्या माणसाला चढता येत नाही. पाठ टेकायला भिंत, उठताना धरायला कठडा. आणि इमारतीच्या पूर्वेच्या अंगाला. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेच्या ओट्यावर दिवस मावळेपर्यंत तव्यासारखे होते. पूर्वेला दुपारनंतर सावली येते आणि थंडीत सकाळचे कोवळे ऊन मिळते. एक अट मीच घातली. ओट्यावर पिंक टाकायची नाही. आमच्या अर्धापूरला पानमळ्यांची परंपरा आहे, पण पिंक पडली की बायका-मुले ओटा सोडतात, आणि तंबाखूवर मी काय म्हणतो ते वाचकांना माहीत आहे.

तिसरी मागणी माझी फसली. मी सुचवले होते की स्वयंपाकघराची एक खिडकी मधल्या मोकळ्या जागेत उघडावी, म्हणजे घरातली बाई दिवसातून वीस वेळा सहज बाहेर पाहील आणि खेळणारी मुले तिच्या नजरेत राहतील. आमच्या घरून विरोध झाला. ‘‘अहो, आज कोणती भाजी केली हे बारा घरांना कळायला नको मला. आणि तुमच्या त्या ओट्यावर कायम पुरुषच बसलेले असतात. आम्ही कुठे बसायचं, ते लिहिलंत का?’’ मी लिहिले नव्हते. चाळीस वर्षे त्या ओट्यावर बसून हा प्रश्न मला पडला नव्हता. ज्यांना गरज सर्वांत जास्त त्यांचीच सोय मी विसरलो होतो. दिवसभर घरात असणाऱ्या बायका, त्यातही विधवा आणि म्हाताऱ्या.

मग तिनेच सांगितले ते कागदावर आले. गच्ची. वर पाण्याचा नळ, अर्ध्या भागावर पत्र्याची सावली, पापड-कुरडया वाळवायला जागा, आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे गच्चीला कुलूप नको. नांदेडच्या किती इमारतींच्या गच्च्यांना कुलपे आहेत ते पाहा. किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी ड्यूटीवर. लिफ्ट गच्चीपर्यंत न्यावी, नाहीतर गुडघे दुखणाऱ्या आजी वर जाणारच नाहीत. खिडकीचा तोडगाही तिचाच. खालच्या अर्ध्या भागाला दुधी काच, वरचा भाग उघडा. उभे राहिले की बाहेरचे दिसते, बाहेरून ओट्यावरची भाजी दिसत नाही.

दारांबद्दल मात्र तिघांचेही एकमत झाले. चार फ्लॅटची दारे एकमेकांच्या अगदी समोर नकोत. समोरासमोर दार आले की घरातले सगळे दिसते म्हणून माणसे ते कायम लावून घेतात. थोडी तिरकी दारे, आणि लाकडी दाराबाहेर जाळीचे दार. जाळी लावून आतले दार उघडे ठेवता येते. वारा येतो, डास येत नाहीत, आणि आत कोणी कण्हले तर बाहेर ऐकू येते. आमच्या सूचनांमधली ही सर्वांत स्वस्त आहे. ज्यांचे फ्लॅट आधीच बांधून झाले आहेत त्यांनाही ती उद्या करता येईल. न्हाणीघराच्या दाराला बाहेरून उघडता येणारी कडी हीही तशीच. सत्तरीच्या माणसाने आतून कडी लावूच नये असे माझे मत आहे. ताईंचे दार तोडायला वीस मिनिटे लागली होती.

वस्तीला असलेल्या वाचकांनी, विशेषतः ज्यांच्या इमारतीत एकटी म्हातारी माणसे आहेत, आणखी एक करून पाहावे. आमच्या एका पेशंटने हे सुरू केले आहे. रोज सकाळी दाराला अडकवलेली दुधाची पिशवी नऊपर्यंत आत गेली नाही तर समोरच्याने बेल वाजवायची. फोन नाही, बेल. तिला यात कमीपणा वाटत नाही, कारण तीही समोरच्याच्या दुधावर नजर ठेवते.

नकाशा दुरुस्त होऊन परत आला आहे. ओटा आला, पण नऊ फुटांचा सहा फूट झाला आणि एक मोटारसायकल राहिली. गच्चीवर पत्र्याची सावली आली. लिफ्ट गच्चीपर्यंत नेण्याचा खर्च बारा जणांनी वाटून द्यायचा की नाही यावर चुलत भाऊ अजून अडून बसला आहे. त्याचे म्हणणे, त्याचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे आणि त्याच्याकडे पापड बाजारातून येतात. येत्या रविवारी सकाळी पुन्हा बैठक आहे. वाडा अजून उभा आहे, त्यामुळे बैठक जुन्या ओट्यावरच होईल. या वेळी आमच्या घरातल्या आणि चाचांच्या घरातल्या बायकाही येणार आहेत.